सात नंबरचा शिक्का

चष्मा काढला की माणूस निम्मा आंधळा होतो, अशी माझी समजूत होती. बशीरभाई मुलाणी चष्मा काढून बघायचे. म्हणजे चालायचे, स्कूटर चालवायचे, चहा प्यायचे ते चष्म्यातून, आणि काम करायची वेळ आली की चष्मा कपाळावर. भोसरीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये ब्रेकला लागणारे छोटे लोखंडी लिव्हर बनायचे, मुठीत मावतील एवढे. माल चाकणच्या कंपनीत जाण्याआधी एकेक लिव्हर नजरेखालून घालायचं काम बशीरभाईंचं. मी त्याच खोलीत, समोरच्या टेबलावर तपासणीचे कागद भरायची. अकरा वर्षं मी त्या माणसाच्या समोर बसले आणि त्यातला निम्मा काळ तरी मला त्यांचा चेहरा दिसला नसेल, कारण तोंडासमोर कायम लिव्हर.

ट्यूबलाइटचा उजेड खांद्यावरून येईल असं तिरकं बसायचे, जॉब नाकाला टेकेल इतका जवळ धरायचे आणि तीन बोटांनी हळूहळू फिरवायचे. वर्कशॉपमध्ये कुठल्याही तुकड्याला जॉबच म्हणतात. नवी पोरं हसायची, "भाई वास घेतात." बशीरभाई शांतपणे म्हणायचे, "वास बी येतो. खराब जॉबाला येतो." ते मूळचे करमाळ्याकडचे. तीस वर्षं थेरगावात काढली तरी जिभेवरचं करमाळं काही उतरलं नव्हतं.

तपासून झालेल्या पेटीच्या चिठ्ठीवर ते जांभळ्या शाईचा शिक्का मारायचे. गोलात सातचा आकडा. नियमाप्रमाणे सगळ्यांचे शिक्के संध्याकाळी माझ्या कपाटात जमा व्हायला हवेत. बशीरभाईंचा शिक्का शर्टाच्या खिशातून घरी जायचा आणि सकाळी त्याच खिशातून परत यायचा. मी सुरुवातीला नियम दाखवला, तेव्हा म्हणाले, "शिक्का म्हंजे माजी जबान हाय ताई. जबान कुणी कपाटात ठिवतं का?" मी नियम मिटवून ठेवला. चाकणच्या स्टोअरमध्ये बाकीच्यांच्या पेट्या उघडून पुन्हा तपासायचे आणि सात नंबरच्या पेट्या सरळ गाड्या जुळवायच्या लाइनवर जायच्या, हे मला तिकडच्या स्टोअरकीपरनेच सांगितलं होतं.

एकदा चाकणहून एक इंजिनिअर आमची परीक्षा घ्यायला आला. वीस जॉब टेबलावर मांडले. त्यातल्या तीन जॉबांत केसाएवढी चीर आहे हे त्याने मशिनवर आधीच बघून ठेवलं होतं, अर्थात आम्हाला सांगितलं नव्हतं. बशीरभाईंनी चष्मा वर सरकवला आणि सगळं बघून चार बाजूला काढले. इंजिनिअरला बरं वाटलं, पकडल्यासारखं. म्हणाला, एक जास्त झाला. बशीरभाई एवढंच म्हणाले, "कापा." कापून आणला. आतल्या वळणात चीर होती, मशिनला न दिसलेली. मालकांनी ही गोष्ट पुढे दोन वर्षं प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर सांगितली. बशीरभाईंच्या टेबलावरचा बंद पंखा मात्र त्या दोन वर्षांतही कुणी दुरुस्त केला नाही.

त्यामुळे त्यांचे ट्रे माझ्या पंख्याखाली यायचे. मशिनवरून उतरलेला जॉब गरम असतो. गरम लोखंड फुगलेलं असतं, त्यामुळे माप अगदी बरोबर येतं, आणि गार झाल्यावर आकसून चुकतं. म्हणून गरम जॉब मोजायचा नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा आणि सगळ्यात जास्त मोडला जाणारा. बशीरभाईंनी तो कधी मोडला नाही. एकदा ट्रक दारात, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, चाकणहून फोनवर फोन, आणि मालक स्वतः खाली आले.

"बशीरभाई, त्यांची लाइन थांबेल. मारा शिक्का."

बशीरभाईंनी एक जॉब मनगटाच्या मागे लावून बघितला. "गार हुं द्या सायेब."

"अहो, अजून किती वेळ?"

"जॉबाला इचारा."

मालक माझ्याकडे बघून निघून गेले, जणू जॉब मीच तापवला होता.

हा माणूस सगळंच गार करून घ्यायचा. मुलीला, शमीमला, दौंडचं स्थळ आलं. मुलाकडची माणसं बघून गेली ती गाडीत बसतानाच होकार मागायला लागली. यांनी महिनाभर थांबवलं. बायको रुखसानाभाभी चिडल्या, मेहुणे चिडले. महिन्याच्या शेवटी कळलं, की मुलगा ज्या नोकरीवर आहे असं सांगितलं होतं ती सुटून वर्ष झालं होतं. "गरम हुता तवा माप बराबर येत हुतं," बशीरभाई म्हणाले. मी एकदा मालकांवर संतापून राजीनामा लिहिला आणि टेबलावर आपटला. त्यांनी तो उचलून माझ्याच पंख्याखाली पेपरवेट ठेवून दाबला. दुपारी डबा उघडताना विचारलं, "झाला का गार?" मी तो फाडला. आज वाटतं, तो त्या दिवशी दिला असता तर पुढचं निदान माझ्या डोळ्यांनी तरी पाहावं लागलं नसतं.

चष्म्याची त्यांना फार लाज वाटायची. नंबर उणे सात. काचा जाड, त्यामागे डोळे बारीक दिसायचे. गावात लहानपणी सगळे ढापण्या म्हणायचे, ते नाव लग्नाच्या मांडवापर्यंत आलं होतं. मशिदीत नमाजाआधी वजूला हातपाय-तोंड धुताना चष्मा खिशात ठेवायचे आणि बाहेर पडताना एकदा दुसऱ्याच्याच चपला घालून घरी आले होते. स्कूटरवर पावसात काचेवर पाणी, हेल्मेटात वाफ. ग्रुप फोटो निघायचा तेव्हा चष्मा काढून ठेवायचे आणि मग कॅमेरा कुठे आहे ते न दिसल्यामुळे प्रत्येक फोटोत भलतीकडेच बघत उभे. हे सगळं ते हसत सांगायचे, पण त्या हसण्यात मजा नव्हती.

मग आमच्या कॅन्टीनमध्ये चष्मामुक्तीचं शिबिर झालं. कुठल्याशा डोळ्यांच्या हॉस्पिटलने घेतलं होतं. लेझर, दहा मिनिटं, दुसऱ्या दिवशी लख्ख. मालकांना अशा गोष्टींचे फोटो आवडायचे. नावांची यादी करायचं काम माझ्याकडे. बशीरभाई टेबलापाशी आले आणि हळूच म्हणाले, "ताई, माजं नाव घाला. वरच घाला." मी पहिल्या ओळीवर लिहिलं.

आता खोटं कशाला बोलू, त्यांना कुणी फसवलं नाही. डॉक्टर सभ्य होते. माझ्यासमोर म्हणाले, "मुलाणी, तुमची चाळिशी उलटली आहे. लांबचा चष्मा जाईल, पण जवळचं बघायला चष्मा लागेल बरं का."

बशीरभाई हसले. "जवळचं तर मला बिनचष्म्याचंच दिसतंय डॉक्टर. आत्ता बी."

"काम काय करता?"

"क्वालिटीत हाय."

डॉक्टरांनी मान हलवली आणि पुढचं नाव पुकारलं. दोघंही खरंच बोलत होते. क्वालिटीत म्हणजे नक्की काय करता, हे डॉक्टरांनी विचारलं नाही आणि यांना सांगावंसं वाटलं नाही. मी यादी घेऊन तिथेच उभी होते. अकरा वर्षं तो चष्मा कपाळावर चढताना बघितलेली बाई, आणि माझ्या डोक्यात काही म्हणजे काही आलं नाही. याचा मला अजून राग येतो, आणि तो कुणावर काढायचा हेही ठरत नाही.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी होती. मालकांना फोटो हवा म्हणून मला पाठवलं होतं. बशीरभाई आणि रुखसानाभाभी बाकावर बसले होते. बशीरभाई समोरच्या भिंतीवरची पाटी मोठ्याने वाचत होते, मग खिडकीतून समोरच्या इमारतीवरची, मग तिच्याही मागची. "ताई, त्या गच्चीवरच्या टाकीवर कावळा हाय," ते मला म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. भाभींकडे वळून म्हणाले, "सकाळी उठल्या उठल्या हिचं तोंड दिसलं. इतकी वर्सं चष्मा चाचपडल्याबिगर दिसलं नव्हतं." भाभी लाजून पदराशी खेळत बसल्या. तो आनंद खरा होता. त्यात खोट काढण्याची माझी हिंमत नाही.

आतून एक मुलगी कागद घेऊन आली. रुग्ण समाधान फॉर्म. प्रश्नांपुढे पाच पाच गोल चेहरे छापलेले, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. बशीरभाईंनी कागद घेतला, सवयीने नाकाजवळ नेला, मग थोडा लांब धरला, मग आणखी लांब.

"ही तोंडं कशाची हाईत? समदी सारखीच दिसत्यात."

"ड्रॉप्समुळे होतं काका," ती म्हणाली. "मी वाचते. दृष्टीबद्दल समाधानी आहात ना? मग पहिल्या चेहऱ्यावर टिक करते. दुसऱ्यांना सांगाल ना? पहिलाच. इथे सही."

बशीरभाईंनी सही केली. मग खिशात हात घातला आणि शाईची छोटी डबी उघडून सहीशेजारी सातचा शिक्का मारला. मुलगी खळखळून हसली, भाभी हसल्या, मी फोटो काढला. ज्या कागदावर समाधान लिहिलं होतं तो त्या माणसाला वाचताही येत नव्हता, आणि आम्ही तिघी हसत होतो.

पहिले आठ-दहा दिवस त्यांच्याइतका सुखी माणूस भोसरीत नसेल. खिडकीतून रस्त्यावरच्या गाड्यांचे नंबर वाचून दाखवायचे. डांगे चौकात बस वळायच्या आत तिची पाटी वाचता येते, हे मला रोज नव्याने सांगायचे. कासारवाडी स्टेशनच्या बाहेर, माझ्या रोजच्या वाटेवर, मी काढलेल्या फोटोचा फ्लेक्स लागला. खाली मोठ्या अक्षरांत, "आता सगळं स्पष्ट दिसतं!" हे वाक्य त्यांनी कधी उच्चारलं नव्हतं. पण फ्लेक्सवरच्या फोटोत ते पहिल्यांदाच सरळ कॅमेऱ्याकडे बघत होते, म्हणून त्यांना तो आवडला.

टेबलावर मात्र वेगळंच चाललं होतं. जॉब उचलला की हात कपाळाकडे जायचा, तिथे चष्मा नसायचा, मग जॉब नाकाशी यायचा आणि तिथेच थांबायचा. मग हळूहळू हात लांब. हात लांब केला की जॉब दिसायचा, पण लिव्हर म्हणून दिसायचा, त्याच्यावरचं काही दिसायचं नाही. ट्यूबलाइटभोवती वलयं दिसतात म्हणाले. "दवाईचा असर हाय. गार हुं द्या." एक महिना थेंब चालले, ते संपले, आणखी महिना गेला. शिक्का मारणं सुरूच होतं, कारण पेट्या थांबत नाहीत. मला दिसत होतं आणि मी गप्प होते. अकरा वर्षं जो माणूस बरोबर होता त्याला मी कोण विचारणारी, असं मी स्वतःला सांगत होते. सोयीचं होतं ते.

मग चाकणहून पेटी परत आली. लाइनवर गाडीला बसवता बसवता एका कामगाराच्या हातात लिव्हर मोडला, म्हणून सगळी पेटी तपासली, तर चिरा असलेले अकरा निघाले. चिठ्ठीवर सात. बशीरभाईंनी ते अकरा टेबलावर ओळीने मांडले आणि दुपारभर एकेक उचलून बघत बसले. संध्याकाळी मला म्हणाले, "यातल्या नऊ जॉबांची चीर मला आत्ता बी दिसंना."

डांगे चौकातल्या म्हाताऱ्या चष्मेवाल्याने त्यांना खरं ते सांगितलं. उणे सातच्या डोळ्याला नाकाजवळचं मोठं आणि लख्ख दिसतं. लांबचं जातं, त्या बदल्यात हे मिळतं. म्हणाला, "मियाँ, नंबर उतरवलात तिथे भिंगपण उतरलं." त्याने जवळचा चष्मा करून दिला, वर एक भिंगही दिलं. भिंगातून एक कोपरा दिसायचा तेव्हा दुसरा सुटायचा. चार जॉब होईपर्यंत डोळ्यांतून पाणी. बशीरभाईंना सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. "मला वाटत हुतं हे मी शिकलोय," ते म्हणाले. "वीस वर्सं वाटत हुतं. ते तर ढापण्याचं हुतं."

मी म्हणाले, बघायचं कुठे हे तर तुम्हीच शिकलात ना? त्यांनी ऐकलं नाही.

ते हॉस्पिटलमध्ये जायला निघाले तेव्हा मीही गेले. पुन्हा तपासणी झाली. तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा त्यांनी धडाधड वाचली. "काका, रिझल्ट एकदम परफेक्ट आहे," तिथल्या मॅनेजरबाई म्हणाल्या, आणि तो होताच.

"मला त्यो कागद परत पायजे," बशीरभाई म्हणाले. "त्यावर शिक्का चुकीचा बसलाय."

"कुठला कागद?"

"समाधानाचा."

बाईंनी कॉम्प्युटरवर शोधून दाखवलं. सगळीकडे पहिला चेहरा. "तुम्ही तर पूर्ण समाधानी आहात काका. आणि हे आता सिस्टीममध्ये गेलंय, बदलता येत नाही."

"आमच्यात चुकीचा शिक्का बसला तर माल परत बोलवत्यात."

बाई गोड हसल्या.

"मग दुसरा कागद द्या. आत्ता भरतो."

"फॉर्म आम्ही फक्त दुसऱ्या दिवशीच भरून घेतो."

बशीरभाईंनी विचारलं, "म्हंजे गरम असतानाच?"

बाईंना कळलं नाही. मला कळलं आणि मी मान खाली घातली. बाहेर रिक्षाची वाट बघताना मी हॉस्पिटलला, डॉक्टरांना, आमच्या मालकांना, जे तोंडाला येईल ते बोलत होते. बशीरभाईंनी मला थांबवलं. "त्यांची चूक न्हाई ताई. मशिन काय, जॉब काढून देतं. माप घेणाऱ्यानं थांबायचं असतं. आख्ख्या जल्मात एकदाच गरम जॉबावर शिक्का मारला, आन त्यो माज्याच डोळ्यांवर."

दुसऱ्या दिवशी मालकांनी बोलावलं. बशीरभाई, तुम्ही घरचेच आहात, पॅकिंगला बसा, वगैरे. शिक्का तेवढा जमा करा. बशीरभाईंनी खिशातून शिक्का काढला, रुमालाने शाई पुसली आणि माझ्या कपाटात स्वतःच्या हाताने ठेवला. त्यांनी तो इतका हळू ठेवला की खाली लागल्याचा आवाजसुद्धा आला नाही. पॅकिंगला ते आठवडाभर बसले, मग यायचे थांबले. त्यांच्या जागी नेमलेल्या मुलाला आठ नंबर दिला. तो गरम जॉब मोजतो, आणि आम्ही मोजू देतो. फ्लेक्स पुढे पावसाळाभर तसाच होता.

दोन वर्षांनी मला चाकणला जावं लागलं. आमच्या मालाची तक्रार होती. चिरा पडलेले जॉब परत घेऊन यायचे होते. वर्कशॉपच्याच जुन्या गाडीतून मी कंपनीच्या फाटकापासून बरीच लांब होते, तोच फाटकातून हाक आली. "ताई, गाडी तीच हाय व्हय? नंबर वळखला मी." सिक्युरिटीच्या निळ्या शर्टात बशीरभाई. दाढी पांढरी झालेली. आणि गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा.

"लांबचं दिसतंय म्हणून इथं घेतलं," ते म्हणाले. शमीमला मुलगी झाली, भाभींचे गुडघे दुखतात, एवढं सांगितलं. मी परत जाताना पेटी तपासणं त्यांचं काम होतं. त्यांनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला, रजिस्टर हात लांब करून धरलं, माझं नाव, पेटीतला माल, सगळं सावकाश लिहिलं.

"काय हाय यात?"

"रिजेक्शन. चिरा."

त्यांनी एक जॉब उचलला. तो हातात आला मात्र, आणि त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. अगदी तसाच. उजेडाकडे तिरके झाले, जॉब नाकाशी नेला, तीन बोटांनी फिरवायला लागले. मागे दोन ट्रक थांबले होते. मला ते बघवेना. मी घाईघाईने पेनाचं टोक जॉबाच्या वळणावर टेकवलं आणि म्हणाले, "इथे आहे बघा, बशीरभाई."

त्यांनी बघितलं. बराच वेळ बघितलं.

"हां," ते म्हणाले. "हाय की. दिसली."

जॉब माझ्या हातात देऊन ते ट्रककडे वळले. पेटी बंद करण्याआधी मी पर्समधून माझा जवळचा चष्मा काढून लावला आणि तो जॉब एकदा नीट पाहिला. मी दाखवलं होतं तिथे काहीच नव्हतं. चीर दुसऱ्या बाजूला होती.